निवडून दिलेल्यांकडून आमची अपेक्षा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी आपण बाहेरून कोणातरी विदुषींना बोलावतो. यंदा मंडळातल्याच एखादीने बोलावे असे ठरले आणि चिटणीसबाईंनी माझे नाव पुढे केले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु पाण्याच्या कामासाठी ज्या चार-पाच जणी नगरपरिषदेच्या पायऱ्या चढल्या-उतरल्या त्यांत मी होते, म्हणून विषयही त्यांनीच नेमून दिला. निवडून दिलेल्या प्रतिनिधींकडून आपण नागरिकांनी काय अपेक्षा करावी, यावर मी बोलायचे आहे.

तयारी म्हणून मी एक केले. गेल्या पंधरा दिवसांत आपल्या गल्लीतल्या आणि पलीकडच्या दोन गल्ल्यांतल्या बायकांना, भाजी घेताना, दळणाला गेल्यावर, शाळेच्या फाटकाशी, एकच प्रश्न विचारला. बाई, तुम्ही मत दिलेत, आता निवडून आलेल्यांनी तुमच्यासाठी काय करावे? उत्तरे ऐकण्यासारखी होती. नळाला पाणी माणसांच्या वेळेला यावे, हे तर सगळ्याच म्हणाल्या. एकीने सांगितले, माझ्या मुलाला कुठेतरी चिकटवून द्यावे. दुसरी म्हणाली, सिलिंडर स्वस्त करावा. रेशनच्या दुकानात यंत्रावर अंगठा उठत नाही, धुणीभांडी करून बोटांच्या रेषाच गेल्या आहेत, त्याचे कोणीतरी बघावे, असे दोघी-तिघींनी सांगितले. शाळेजवळचे दारूचे दुकान हलवा, असे एक जण अगदी हळू आवाजात बोलली, कारण पलीकडे तिचे यजमान उभे होते. आणि आपल्या कोपऱ्यावरच्या आजी म्हणाल्या, "मला काही नको गं. मते मागायला चारदा आला होता, निवडून आल्यावर एकदा तरी येऊन जावे."

ही सगळी उत्तरे मी वहीत उतरून घेतली आणि घरी बसून निवडत बसले, जसे आपण डाळ-तांदूळ निवडतो तसे. तेव्हा ध्यानात आले की आपण सगळ्या गोष्टी एकाच माणसाकडे मागतो. जो समोर दिसेल त्याच्याकडे. नगरसेवक दिसला तर त्याला गॅसचा भाव विचारतो, आणि खासदार दौऱ्यावर आले की त्यांना गटार दाखवतो. मग दोघेही मान डोलावतात आणि पुढे जातात, कारण दोघांनाही पक्के ठाऊक असते की ते काम आपले नाही.

म्हणून आधी थोडे हे सांगते. पाणी, गटार, कचरा, रस्त्यावरचे दिवे, जन्ममृत्यूची नोंद, स्मशानभूमी, ही आपल्या नगरपरिषदेची कामे. घटनेत ७४ वी दुरुस्ती झाली, ती १ जून १९९३ पासून लागू झाली, आणि तिने बारावी अनुसूची घातली. त्या अनुसूचीत शहरांच्या कारभाराचे १८ विषय लिहिलेले आहेत. रेशनचे खाते राज्य सरकारचे. त्याची तक्रार तहसील कचेरीत पुरवठा विभागाकडे करायची, आणि तिथे दाद लागली नाही तर आमदारांकडे. गॅस आणि रेल्वे दिल्लीकडे. खासदारांना त्याबद्दल जरूर विचारावे, पण गटारासाठी त्यांची वाट अडवू नये.

खासदारांचा निधी म्हणून जो असतो त्याबद्दलही बरेच गैरसमज आहेत. ती योजना डिसेंबर १९९३ मध्ये सुरू झाली आणि २०११ पासून तिची रक्कम वर्षाला ५ कोटी रुपये झाली. हा पैसा त्यांच्या हातात येत नाही. ते काम सुचवतात, मंजुरी आणि खर्च जिल्हा प्रशासनाकडून होतो. पैसा आपलाच, करातला. तरीही एस.टी.च्या थांब्यावर पत्र्याची शेड घालतात आणि तिच्यावर नावाची पाटी एवढी मोठी लावतात की उन्हापासून सावली शेडची पडते की पाटीची, हे कळत नाही.

आमदार-खासदारांचे खरे काम कायदा करणे. हे आपल्याला कोणी सांगत नाही, आणि आपण विचारतही नाही. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमीची कामे सुरू झाली. खडी फोडायला, नालाबांध घालायला किती बायका गेल्या, हे आपल्या आया-सासवांना विचारा. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या मनातली ती कल्पना. पुढे १९७७ साली विधिमंडळाने तिचा कायदा केला, म्हणजे काम मागणाऱ्याला ते देणे सरकारला बंधनकारक झाले. २००५ साली साऱ्या देशासाठी रोजगार हमीचा कायदा झाला तेव्हा महाराष्ट्राचाच कित्ता समोर होता. एका सभागृहात बसून केलेल्या कामाने लाखो चुली पेटल्या. म्हणून आमदार मत मागायला येतील तेव्हा आपण त्यांना विचारावे, विधानसभेत तुम्ही काय बोललात? ते लग्नाला आले होते की नाही, मयतीला आले होते की नाही, एवढ्यावरच त्यांची परीक्षा करू नये. बिचारे खरोखर दिवसभर लग्ने आणि मयतीच करत फिरत असतात, आणि त्याला थोड्याफार आपणही जबाबदार आहोत.

नोकरीचे मात्र मी स्पष्टच बोलते. मुलाला चिकटवून देतो असे जो सांगतो त्याच्यापासून चार हात दूर राहावे. त्याच्या चिठ्ठीने तुमचा मुलगा आत गेला तर दुसऱ्या कोणाचा तरी मुलगा, जो अभ्यास करून पास झाला, तो बाहेर राहिला. आज त्याची पाळी, उद्या आपली.

दारूच्या दुकानाचे उत्तर तर आपल्याच हातात आहे. राज्य सरकारच्या २००८ च्या आदेशाप्रमाणे गावातल्या किंवा प्रभागातल्या एकूण महिला मतदारांपैकी २५ टक्के महिलांनी सह्यांनिशी मागणी केली, आणि मग मतदान होऊन निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी दुकान बंद करण्याच्या बाजूने, म्हणजे आडव्या बाटलीला, मत दिले, तर दुकान बंद होते. निम्म्याहून अधिक म्हणजे यादीतल्या एकूण महिलांच्या, आलेल्यांच्या नव्हे. म्हणून घरी बसलेल्या बाईचे मत आपोआप उभ्या बाटलीच्या पारड्यात पडते. हा विषय मोठा आहे, त्यावर वेगळी बैठक घ्यावी अशी माझी सूचना आहे.

आता खुर्च्यांचा विषय. आज आपण सतरंजीवर बसलो आहोत आणि काही जणींच्या मनात त्याचा राग आहे, तो मला दिसतो. गेल्या दिवाळीच्या सुमारास, निवडणूक तोंडावर असताना, एक इच्छुक उमेदवार मंडळात आले होते. मंडळाला १०० खुर्च्या आणि ध्वनिक्षेपक देतो म्हणाले. बदल्यात काही नको, फराळाच्या कार्यक्रमाला फक्त त्यांचा फलक लावायचा. कार्यकारिणीत दोन बैठका झाल्या, आवाजही चढले, आणि शेवटी सात विरुद्ध चार मतांनी आपण खुर्च्या नाकारल्या. ज्या चौघी खुर्च्या घ्या म्हणत होत्या त्या काही लोभी नव्हेत. त्यांचे म्हणणे असे की पैसा तसाही उधळलाच जाणार, मग मंडळाच्या उपयोगी का पडू नये? आणि ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना खाली बसणे किती कठीण जाते, हे मी रोज आमच्या सासूबाईंकडे बघते. हे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही.

तरी मी त्या सातांपैकी एक होते आणि आजही माझे मत तेच आहे. मतासाठी वस्तू देणे हा जसा गुन्हा आहे तसा ती घेणे हाही गुन्हा आहे. जुन्या दंडविधानात होता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे. पण कायद्याची भीती हे माझे कारण नव्हते. माझे कारण निराळे होते. आपण वाण्याकडून उधार आणतो तेव्हा त्याच्या वहीत आपले नाव असते, आणि ज्याच्या वहीत नाव असते त्याच्या दुकानात आपण तांदळातले खडे दाखवून भांडू शकत नाही. खुर्च्या घेतल्या असत्या तर उद्या पाण्यासाठी गेल्यावर त्यांनी तोंडाने काही म्हटले नसते, नुसते खुर्च्यांकडे बघितले असते. आपली तोंडे तेवढ्याने मिटली असती. साडी, कुकर, देवदर्शनाची मोफत गाडी, या सगळ्यांचे तेच. आपल्याला वाटते आपण फुकट घेतले. देणाऱ्याला वाटते हिशेब मिटला.

गुडघ्यांसाठी मात्र कार्यकारिणीने दरमहा वर्गणीतून थोड्या थोड्या खुर्च्या घ्यायला सुरुवात केली आहे. आजवर बारा झाल्या. त्या मागे भिंतीशी ठेवल्या आहेत. ज्यांना गरज आहे त्यांनी संकोच न करता तिकडे बसावे.

आपल्यापैकी काहींनी मला असेही विचारले की हे प्रतिनिधी हवेतच कशाला? अधिकारी आहेत, पगार घेतात, काम करतील. याचे उत्तर आपण नुकतेच अनुभवले आहे. आपल्या नगरपरिषदेत २०१६ च्या अखेरीस निवडून आलेल्यांची मुदत २०२१ च्या अखेरीस संपली. ओबीसी आरक्षणाचा वाद न्यायालयात होता, निवडणुका पुढे पुढे गेल्या. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ ला निवडणुका घ्या असा आदेश दिला तेव्हा कुठे डिसेंबर २०२५ मध्ये आपण मतदान केले. मधली जवळजवळ चार वर्षे प्रशासकांचा कारभार होता. मी त्यांना नावे ठेवत नाही. काही कामे उलट झटपट झाली, नगरसेवकांची भांडणे नव्हती. पण अर्थसंकल्प मांडणारे तेच आणि मंजूर करणारेही तेच. विरोधात हात वर करणारे सभागृहात कोणी नाही. पाण्याच्या वेळेबद्दल आपण अर्ज दिला, पोच मिळाली, आणि अर्ज फायलीत गेला. कोणाच्या दारी जाऊन विचारावे, हेच कळेना. नगरसेवक वाईट असला तरी त्याचे घर आपल्याला माहीत असते. पाच वर्षांनी त्याला पुन्हा आपल्या दारी यायचे असते, ही साधी गोष्ट मोठी आहे. ती नसली म्हणजे काय होते, ते त्या चार वर्षांत कळले.

डिसेंबरच्या मतदानात आपण प्रभागासाठी दोन आणि नगराध्यक्षपदासाठी एक अशी मते दिली. आपल्या प्रभागातल्या दोन जागांपैकी एक महिलेची. १९९३ पासून स्थानिक संस्थांत महिलांना एक तृतीयांश जागा मिळाल्या आणि महाराष्ट्राने २०११ साली त्या निम्म्या केल्या. आपल्याला हे आयते मिळाल्यासारखे वाटते, म्हणून एक जुनी गोष्ट सांगते. स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ साली झाली. त्या वेळी मतदारयाद्या करताना, मुख्यतः उत्तरेकडच्या प्रांतांत, लाखो बायकांनी आपले नाव सांगितलेच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढेच सांगितले. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी असली नोंद चालणार नाही असे ठरवले आणि सुमारे २८ लाख बायकांची नावे यादीतून गेली. त्यावर तेव्हा टीकाही झाली. पण पुढच्या निवडणुकीला त्या बायका आपापल्या नावाने यादीत आल्या. आपल्याकडे उखाण्यात नवऱ्याचे नाव घ्यायला आपण लाजत होतो. तिकडे बायकांना स्वतःचेच नाव घ्यायचे धाडस करावे लागले.

आता आपल्याकडे काय झाले ते ऐका. निवडणूक झाल्यावर आपण चार-पाच जणी पाण्यासाठी नगरसेविकाबाईंना दूरध्वनी करत होतो. दर वेळी त्यांचे यजमान उचलत. "सांगा ना वहिनी, मीच बघतो सगळं." दोनदा सांगितले. तिसऱ्या वेळी ठरवले की घरीच जायचे. सकाळी अकरा वाजता आम्ही गेलो. यजमान बाहेरच्या खोलीत कागद पसरून बसले होते. आमचे स्वागत केले, बसा म्हणाले, आणि वही उघडली. आपल्या उपाध्यक्षीणबाई अगदी शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, आम्ही मत वहिनींना दिलंय. त्यांना जरा बाहेर बोलवा." तो क्षण अवघड होता. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. थोड्या वेळाने बाई चहाचे ताट घेऊन बाहेर आल्या आणि ताट ठेवून परत आत जायला निघाल्या, तेव्हा उपाध्यक्षीणबाईंनी त्यांचा हात धरून शेजारी बसवले.

आणि खरे सांगते, पाण्याबद्दल त्या बाईंना जे ठाऊक होते ते त्यांच्या यजमानांच्या वहीत नव्हते. त्याही पाणी भरतात ना! वरच्या आळीची चावी अर्धी गळते, म्हणून खाली दाब येत नाही. पाणी सोडणारा कर्मचारी एकच असून त्याच्याकडे तीन आळ्या आहेत, म्हणून आपली पाळी रात्री दीड वाजता येते. हे सगळे त्यांनी घडाघडा सांगितले. आम्ही विचारले, मग होणार काय? त्या जरा थांबल्या. यजमान म्हणाले, "सगळं होणार, पुढच्या महिन्यात होणार." बाई म्हणाल्या, "नवी टाकी झाल्याशिवाय रोज पाणी येणार नाही, आणि टाकी वर्षभरात काही होत नाही. पण पाळीची वेळ बदलता येईल, ते मी बोलते."

भगिनींनो, माझ्या एवढ्या वर्षांत निवडून आलेल्या माणसाच्या तोंडून "होणार नाही" असे मी प्रथमच ऐकले. आणि मला त्याचा राग आला नाही, उलट धीर आला. रोज पाण्याची आशा धरून रात्री दीडला उठणे वेगळे, आणि वर्षभर तिसऱ्या दिवशीच येणार हे पक्के धरून पिंप घेऊन ठेवणे वेगळे. तीन आठवड्यांनी आपली वेळ बदलली. आता एका पाळीला पहाटे पाच आणि दुसऱ्या पाळीला दुपारी चार अशी आहे. रोज पाणी नाही. पण ज्यांच्या मुली दहावीला आहेत त्यांना मध्यरात्री घागरी उचलाव्या लागत नाहीत. माझी अपेक्षा मी त्या दिवशी शिकले. काम झाले तर उत्तमच, पण आधी खरे उत्तर द्यावे. हो की नाही, नाही तर का नाही, आणि कधी.

पाण्यावरून राजकारणात आलेल्या बाई म्हणजे आपल्या मृणाल गोरे. १९६१ साली त्या मुंबई महानगरपालिकेत निवडून गेल्या आणि गोरेगावच्या पाण्यासाठी इतक्या भांडल्या की लोक त्यांना पाणीवाली बाई म्हणू लागले. १९७२ साली महागाईच्या विरोधात त्यांनी आणि अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या इतर पुढारी बायकांनी लाटणी घेऊन मोर्चे काढले. वेगवेगळ्या पक्षांच्या बायका त्यात एकत्र होत्या. त्याच वर्षी मृणालताई विधानसभेत गेल्या, १९७७ साली लोकसभेत. पुढे पुन्हा विधानसभेत असताना गर्भातल्या मुलीची चाचणी करून तिला मारण्याविरुद्ध त्यांनी आवाज उठवला, आणि १९८८ साली महाराष्ट्राने त्यासाठी देशात पहिला कायदा केला. बघा, नळापासून निघाल्या आणि कायद्यापर्यंत गेल्या, पण गोरेगावच्या बायकांना त्यांचे दार कायम माहीत होते. २०१२ साली त्या गेल्या. एवढी उंची प्रत्येकीला येणार नाही, हे मलाही कळते. पण आपल्या नगरसेविकाबाईंनी चहाचे ताट ठेवून खुर्चीवर बसावे, एवढी सुरुवात तरी होऊ शकते.

आता एक गोष्ट सांगते, ती काही जणींना रुचणार नाही. आपल्याला पाणी कमी मिळण्याचे एक कारण वरच्या आळीची गळकी चावी, आणि दुसरे कारण आपल्याच गल्लीतल्या मोटरी. नळाला थेट मोटर लावून पाणी ओढतात. ज्या घरी मोटर त्या घरी गच्चीवरची टाकी भरते, पुढच्या घरी नळ नुसता फुसफुसतो. हे नियमात बसत नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. मग आजवर कोणी मोटरी का जप्त केल्या नाहीत? कारण मोटरवाले मतदार आहेत. मोटरवाल्यांना दुखवायचे नाही आणि आपल्यालाही दुखवायचे नाही, म्हणून दोघांना गोड बोलायचे. आपण प्रतिनिधीकडून अपेक्षा करतो की त्याने आपले ऐकावे. मी म्हणते, प्रसंगी त्याने आपल्याला नाही म्हणण्याचीही अपेक्षा आपण करावी. मोटर काढायला माणसे येतील तेव्हा आपल्यापैकी कोणी नगरसेविकाबाईंच्या घरी रडत जाऊ नये. मी हे कोणाकडे बोट दाखवून बोलत नाही. ज्यांच्या घरी आहे त्यांना कळले असेल.

हेच मोठ्या प्रमाणावर बघायचे तर इचलकरंजीचे बघा. यंत्रमागांचे गाव, पंचगंगेचे पाणी दूषित झालेले. २०१२ साली तिथे काविळीची मोठी साथ आली, माणसे गेली. शहराला स्वच्छ पाणी हवे म्हणून वारणा नदीतून योजना आखली, तर वारणाकाठच्या गावांनी विरोध केला, आमच्या शेतीचे काय म्हणून. मग दूधगंगेची योजना आली, तिलाही त्या काठच्या लोकांनी विरोध केला. शहराचे प्रतिनिधी एका बाजूला, नदीकाठचे प्रतिनिधी दुसऱ्या बाजूला, आणि दोघेही आपापल्या मतदारांचेच बोलत होते. चूक कोणाची म्हणायची? तहानलेल्या बाईची की शेत वाळेल म्हणून भ्यालेल्या बाईची? अशा वेळी जो प्रतिनिधी आपल्याच लोकांपुढे उभा राहून दुसऱ्या बाजूचे म्हणणे समजावून सांगेल तो मला खरा वाटेल. त्याला टाळ्या मिळणार नाहीत. नुसते "आमचे थेंबभर देणार नाही" म्हणायला काही लागत नाही, घसा लागतो.

शेवटचे काम वहीचे. कार्यकारिणीने जाड पुठ्ठ्याची एक वही घातली आहे. तिच्यात चार रकाने आखले आहेत. काम काय, कोणाला सांगितले, तारीख, आणि उत्तर काय मिळाले. "बघतो" हे उत्तर लिहायचे नाही, तो रकाना कोराच ठेवायचा. आजवर वहीत १९ कामे आहेत. सहा झाली, चारांना "होणार नाही" असे कारणासह उत्तर मिळाले, नऊ रकाने कोरे आहेत. प्रभागात गेल्या तीन वर्षांत झालेल्या कामांची यादी चिटणीसबाईंनी माहितीच्या अधिकारात मागवली होती. १० रुपयांचा अर्ज आणि ३० दिवसांची मुदत, एवढेच त्याला लागते. यादी आली आहे. तिच्यात आपल्या गल्लीचे गटार दोनदा दुरुस्त झालेले दिसते. आपण सर्वांनी ते एकदाच होताना पाहिले. दुसऱ्या वेळेचे काय, हे विचारायचे आहे आणि ते वहीत वीस नंबरवर लिहिले आहे.

नगरसेविकाबाईंनी दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मंडळात येण्याचे कबूल केले आहे. दोनदा आल्या, एकदा आल्या नाहीत, पण निरोप स्वतः पाठवला. पुढच्या शनिवारी वेळ दुपारी चारची ठरली होती, परंतु त्या दिवशी आपली पाण्याची पाळी चारची आहे, म्हणून बैठक साडेपाचला ठेवली आहे. वही मंडळाच्या कपाटात असते आणि किल्ली चिटणीसबाईंकडे. ज्यांना काही लिहायचे असेल त्यांनी शुक्रवारपर्यंत लिहून ठेवावे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी माझ्याकडे यावे, मी दुपारी दोन ते चार घरी असते.